तिसरीनंतरच्या शिट्ट्या

१

आता हसून सांगते, पण तेव्हा माझी पाचावर धारण बसली होती हे आधीच कबूल करून टाकते.

नवऱ्याच्या नोकरीसाठी आम्ही या परक्या देशात आलो आणि चौथ्या मजल्यावरच्या या घरात राहायला लागलो, तेव्हा सामान जहाजावर होतं. घरात दोन गाद्या, एक किटली आणि आम्ही दोघं. पहिल्याच रविवारी सकाळी मी रिकाम्या स्वयंपाकघरात जमिनीवर बसून पाव चावत होते, आणि कुकरची शिट्टी झाली.

अहाहा! मला कोण आनंद झाला म्हणून सांगू. हातातला पाव टाकून मी आतल्या खोलीत धावले.

"अरे ऊठ! बिल्डिंगमधे आपलं कुणीतरी आहे!"

"कशावरून?" नवरा पांघरुणातूनच बोलला.

"कुकर लावलाय कुणीतरी."

मी तशीच जिना उतरून एकेका दारावरच्या पाट्या वाचत सुटले. एकही नाव आपल्याकडचं नव्हतं. आमच्या बरोबर खालच्या घराचं दार उघडून एक म्हातारे गृहस्थ बाहेर आले आणि अतिशय नम्रपणे म्हणाले, की रविवारी सकाळी जिन्यात चपला वाजवू नयेत अशी इथे पद्धत आहे. त्या दिवसापासून आम्ही त्यांचं नाव हरकतराव ठेवलं. पुढे नळ जोरात सोडला, खुर्ची ओढली, की हे हजर. कधी आवाज चढवायचे नाहीत, पण हरकत घेतल्याशिवाय राहायचे नाहीत.

वर आले तर पुन्हा शिट्टी. ती खिडकीबाहेरून येत होती. खिडकीखालच्या पन्हळीवर एक पक्षी बसला होता. काळपट, अंगभर पांढरे ठिपके, चोच पिवळी, आपल्या साळुंकीचा चुलतभाऊ शोभावा असा. त्याने मान वर केली, गळा फुगवला, आणि आधी फुस्स, मग फिईईक, आणि शेवटी एक उचकी. अगदी साग्रसंगीत.

मी पोट धरधरून हसले.

२

महिन्याभराने खोकी आली, आणि त्याच आठवड्यात विमानाने सासूबाई आल्या. मामंजी गेल्यावर त्या एकट्याच राहत होत्या, म्हणून आता कायमच्याच आमच्याकडे. खोक्यातून त्यांनी सगळ्यांत आधी काय काढलं असेल, तर आमच्या सामानाबरोबर आधीच पाठवलेला त्यांचा कुकर. हा कुकर माझ्या नवऱ्यापेक्षा वयाने मोठा आहे. झाकणाला पोचे, कान एकदा बदललेले, पण नवीन घेऊ म्हटलं की त्या म्हणतात, "मी चालतेय तोवर तो चालेल."

पहिला भात लावला. मी भांडी पुसत होते. शेगडीवरून आवाज आला, फुस्स, मग फिईईक, आणि शेवटी उचकी.

माझ्या हातातलं पातेलं तसंच राहिलं.

"काय झालं?" सासूबाई म्हणाल्या. "कुकर कधी पाहिला नाहीस?"

"आई, ही उचकी..."

"वीस वर्षं झाली त्या उचकीला. वाफ अडकते मधे."

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "सगळ्या कुकरांची शिट्टी सारखीच असते गं."

"उचकीसकट?"

"मागच्या भाडेकरूंचाही जुना कुकर असेल. पक्ष्याने तो उचलला. नक्कल करणारे पक्षी असतात, त्यात एवढं काय?"

पटलं. म्हणजे पटवून घेतलं म्हणा ना. पण पक्षी ती शिट्टी वाजवत होता तेव्हा आमचा कुकर खोक्यात बंद होता आणि खोकं समुद्रावर होतं, हे काही डोक्यातून जाईना.

दुसरीकडे गंमतही चालली होती. आमच्या घरात तीन शिट्ट्यांचा नियम. सासूबाई बाहेरच्या खोलीत निवडत, टिपत बसलेल्या असल्या तरी कान आत. तिसरी झाली की उठल्याच. जाड तळव्याच्या नव्या चपला फटक फटक वाजवत जायच्या आणि शेगडीचं बटण खट्ट करून फिरवायच्या. शेगडी विजेची, पण म्हणायच्या मात्र, "गॅस बंद केला गं." तर हा पक्षी मधेच आपली एक शिट्टी घुसडायचा, आणि सासूबाई दुसरीलाच बंद करून मोकळ्या. दोनदा डाळ कच्ची राहिली. मग त्या खिडकी उघडून त्याला सणसणीत बोलायच्या.

"मेल्या, तुला काही कामधंदा नाही का? माझा हिशेब चुकवतोस!"

तो मान वाकडी करून ऐकून घ्यायचा. हरकतराव खालून झाडूच्या दांड्याने छत ठोकायचे.

३

मी कवळ्या बनवते. शिकले तेच, आणि इथेही तेच काम मिळालं. दातांच्या डॉक्टरांकडून साचे येतात, त्यावर मी मेणात दात बसवते, मग पक्की कवळी तयार झाली की चाकावर धरून घासते. त्या चाकाचा आवाज भयंकर असतो, म्हणून कानांवर जाड बोंडं आणि फोन बाहेर कपाटात. सासूबाईंची कवळीसुद्धा माझ्याच हातची आहे. ती बसवली तेव्हा आरशात बघून म्हणाल्या होत्या, "सुनेने सासूला दात दिले, असं उलटंच झालं की!" आमचं असं चालतं. भांडतो, आणि एकमेकींवाचून करमत नाही.

सांगायचा मुद्दा, दिवसभर त्या घरात एकट्याच असायच्या.

एक दिवस पक्षी दाराची करकर काढायला लागला. जुन्या बिजागरीची लांबलचक करकर. मी घरातली सगळी दारं उघडून पाहिली, एकही वाजत नव्हतं. म्हटलं, शेजारचं असेल. आठवड्याने न्हाणीघराचं दार करकरायला लागलं, हुबेहूब तस्संच.

मी नवऱ्याकडे बघितलं. तो टॉवेल गुंडाळून दारात उभा होता.

"ओल धरली असेल लाकडाने," तो म्हणाला.

"अरे, पण त्याला आधी कसं कळलं?"

"तू आधी ऐकलंस असं तुला आता वाटतंय."

मी स्वतः साच्यावर केसाएवढा फरक ओळखणारी बाई, पण कानांनी ऐकलेलं कुणाच्या हातात देता येत नाही. मी बिजागरीला तेल घातलं.

४

मग तो रविवार आला.

नवरा बाहेर गेला होता, सासूबाई अंघोळीला. मी खिडकी उघडून कणीक मळत होते. पक्षी पन्हळीवर आला आणि त्याने सुरुवात केली.

आधी फटक फटक. सासूबाईंच्या चपला! मला हसूच आलं. म्हटलं, आता हेही उचललंस का? मग काहीतरी खरवडल्यासारखं, ते कळलं नाही. मग एक दबका आवाज, धप्प. लगेच स्टीलचं ताट जमिनीवर पडावं आणि गोल गोल फिरत थरथरत निजावं, तसा. एवढ्याशा गळ्यातून ते कसं निघत होतं कोण जाणे.

मग शिट्टी. उचकीसकट. दुसरी. तिसरी.

आता चपला वाजणार, म्हणून मी वाट पाहिली.

चौथी शिट्टी झाली. पाचवी झाली. माझे हात कणकेत तसेच थांबले. आमच्या घरात चौथी शिट्टी कधी होत नाही. जिच्या कानावर तिसरी पडते ती उठतेच उठते. सहावी झाली. आणखी एक. कुकर बोंबलतोय आणि त्याच्याकडे कुणीच येत नाही, याचा अर्थ कुठल्याही बाईला समजावून सांगावा लागत नाही.

"अहो, बंद करा ना कुणीतरी!" मी किंचाळले.

शिट्ट्या थांबेनात. मी कणकेच्या हातांनीच खिडकी धाडकन लावली आणि न्हाणीघराकडे धावले.

"आई! आई, बऱ्या आहात ना?"

"अंघोळ करतेय गं!" आतून पाण्यासकट आवाज आला. "आग लागलीय का कुठे?"

मी तिथेच भिंतीला टेकून खाली बसले.

नवरा आल्यावर त्याला सांगितलं तर तो आधी हसला आणि मग माझा चेहरा बघून थांबला. "असं करू, आपण त्याचं गाणं रेकॉर्ड करू," तो म्हणाला. "मग शांतपणे ऐक. दोनदा ऐकलंस की भीती जाईल." दुपारी पक्षी परत आला, तसा त्याने फोन खिडकीत ठेवला आणि स्वतः दाढी करायला गेला. पहिली फटक ऐकली मात्र, मी आतल्या खोलीत जाऊन डोक्यावर उशी दाबून धरली.

ते रेकॉर्डिंग मी ऐकलं नाही. त्यालाही ऐकू दिलं नाही.

५

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी मी खडा टाकून पाहिला.

"आई, आज कुकर लावू नका."

"का बरं?"

"बिघडलाय तो."

"कोण म्हणतं? तुझ्या लग्नाआधीपासून मी त्याला ओळखते."

पक्ष्याचं सांगितलं असतं तर त्यांनी माझीच दृष्ट काढली असती. शेवटी त्या अंघोळीला गेल्या, तेव्हा मी कुकरवरची शिट्टी उपसून काढली, रुमालात गुंडाळली आणि पर्समध्ये टाकली. आता वाजव म्हणावं! शिट्टीच जागेवर नाही, तर वाजणार काय, कपाळ? खिडकीही घट्ट लावून घेतली. बसमध्ये बसल्यावर मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की विचारू नका. डाव उलटवला म्हणजे उलटवला.

६

जेवणाची सुट्टी होईपर्यंत मी चाकावर होते. कानांवर बोंडं, समोर धूळ, हातात कुण्या आजोबांची खालची कवळी. सुट्टी झाली, तशी कपाटातून डबा काढायला पर्स उघडली.

आतलं अस्तर ओलं होतं. पाणी सांडावं तसं नाही, भाताच्या झाकणाखाली असतं तसं दमट. मी रुमाल उलगडला. शिट्टी गरम होती.

चटका बसेल इतकी नाही. पण नुकतीच कुकरवरून काढली असती तर जशी लागली असती, तशी.

कपाटाच्या मागे हीटरचा पाइप जातो, त्यामुळे तापली असेल, असं मी मनाशी म्हटलं. पाइपाला हात लावून पाहिला. गार होता. मग लक्ष गेलं ते फोनकडे. नवऱ्याचे एकावर एक फोन येऊन गेले होते.

मी लावला.

"घाबरू नकोस," तो म्हणाला, आणि मी अर्थातच घाबरले. "आई पडली. दवाखान्यात आणलंय. बोलतेय, शुद्धीवर आहे. तू ये."

अंगावरचा एप्रन न काढताच मी बस पकडली. वाटेत काय काय बोलले असेन ते मलाच ठाऊक. देवाला, पक्ष्याला, स्वतःला.

७

दवाखान्याच्या बाकावर नवऱ्याशेजारी हरकतराव बसले होते. टोपी मांडीवर, कोटाच्या बाहीला रक्त.

"डोक्याला खोक पडलीय, टाके घातले," नवरा म्हणाला. "पायाचा घोटा मोडलाय. रक्त बरंच गेलं. डॉक्टर म्हणाले, आपण संध्याकाळी घरी येईपर्यंत तशीच पडून राहिली असती तर..." त्याने हरकतरावांकडे बोट दाखवलं. "यांच्यामुळे वाचली."

हरकतराव संकोचले. त्यांच्या सावकाश, नीटनेटक्या भाषेत म्हणाले, "मी खरं तर तक्रार करायलाच वर आलो होतो. तुमच्याकडचं ते भांडं. ते रोज तीनदा ओरडतं आणि मग बाई चालत येऊन त्याला गप्प करतात. इतके महिने तेच ऐकतोय. आज मात्र ते ओरडतच राहिलं. तीन झाल्या, चार झाल्या, बाईंच्या पावलांचा आवाज नाही. मी जिन्यात असेपर्यंत तक्रार करायचीच होती. दारापाशी पोचलो आणि वाटलं, हे काही ठीक नाही. बेल वाजवली, कुणी उघडेना. मग आतून कण्हणं ऐकू आलं, तेव्हा बिल्डिंगच्या रखवालदाराकडून किल्ली आणली."

आमच्या तीन शिट्ट्या त्या माणसाने मोजून ठेवल्या होत्या! मी त्यांचे दोन्ही हात धरले आणि ढसाढसा रडले. ते बिचारे "हो, हो, असू द्या" म्हणत राहिले.

मग एकदम माझ्या लक्षात आलं.

"पण तुम्ही आत गेलात, तेव्हा कुकर..."

"तेच मलाही कळलं नाही," ते म्हणाले. "दार उघडलं तेव्हा आवाज थांबला होता. शेगडी बंद करायला हात लावला, तर ती थंडगार. पेटवलेलीच नव्हती."

मला आत सोडलं. सासूबाईंच्या डोक्याला भलंमोठं बँडेज, कवळी काढून ठेवलेली, त्यामुळे चेहरा एवढासा झालेला. मला पाहून म्हणाल्या, "आलीस? जेवलीस का?"

"आई, कशा पडलात?"

"अगं, कुकरची शिट्टी सापडेना. म्हटलं, तू धुऊन वरच्या फळीवर ठेवली असशील. म्हणून स्टूल ओढलं आणि चढले. ताट हाताला लागून आधी ते पडलं की आधी मी पडले, आता आठवत नाही."

तो खरवडल्यासारखा आवाज स्टुलाचा होता. मला तोंड लपवायला जागा राहिली नाही.

"शिट्टी माझ्याकडे होती. मीच नेली होती." पर्समधून काढून मी ती त्यांच्या पांघरुणावर ठेवली. "तुम्ही कुकर लावू नये म्हणून. माझ्यामुळे पडलात हो तुम्ही."

रागावतील वाटलं. पण त्या शिट्टीकडे नुसत्या बघत राहिल्या.

"ही तुझ्याकडे होती?" त्या म्हणाल्या. "मग वाजलं काय?"

"पक्षी असेल, आई. खिडकीतला."

"खिडकी तू लावून गेली होतीस." त्यांनी माझं मनगट धरलं. "मी जमिनीवर पडलेले, शेगडी माझ्या डोक्याशी. शिट्टी तिथून येत होती, वरून. मी मोजत होते. तिसरी झाली तेव्हा म्हटलं, उठायला हवं, आणि उठवेना. आणि वाफ येत होती गं तोंडावर. ऊन ऊन."

मी शिट्टी उचलून पुन्हा रुमालात गुंडाळली. मग त्या म्हणाल्या, "त्याला सांगू नकोस. तो म्हणेल, आईच्या डोक्याला मार लागलाय."

८

सासूबाई घरी आल्या. घोट्याचं प्लॅस्टर निघालं, हातात काठी आली. काठीच्या टोकाचं रबर त्यांनी पहिल्याच दिवशी उपटून फेकलं, रुततं म्हणे. आता घरभर फटक टक, फटक टक चालू असतं आणि हरकतराव हरकत घेत नाहीत. उलट रविवारी सकाळी वर येऊन सासूबाईंबरोबर चहा पितात. एकाला दुसऱ्याची भाषा येत नाही, तरी दोघं तासभर कुणाची तरी उणीदुणी काढत असतात, एवढं मला समजतं. वाचल्या, हातीपायी धड राहिल्या, आणखी काय पाहिजे? माझ्या जिवात जीव आला, तो अजून तसाच आहे.

पक्षी पन्हळीवर येतो. सासूबाई त्याला खिडकीत मूठभर तांदूळ ठेवतात. "उपकार कुणाचे, ते आपल्याला काय माहीत," म्हणतात. तो खातो आणि साध्या पक्ष्यासारखं चिवचिवतो. कुकर काढत नाही.

परवा रविवारी नवरा फोनमधली जागा मोकळी करत बसला होता. स्वयंपाकघरात कुकर लावलेला, दोन शिट्ट्या झालेल्या. तो म्हणाला, "अगं, हे त्या पक्ष्याचं राहिलंय बघ. पुसू का?"

मी हो म्हणणार, तोच सासूबाई म्हणाल्या, "थांब. लाव. मला ऐकायचंय."

त्याने लावलं. फटक फटक. खरवड. धप्प. ताट. मग शिट्ट्या. तिसरीनंतर माझा हात फोनकडे गेला, तो सासूबाईंनी धरून ठेवला. "शेवटपर्यंत ऐकलंस का कधी?"

नव्हतं ऐकलं. मी दर वेळी आधीच पळाले होते.

शिट्ट्या वाजत राहिल्या. मग दारावरची बेल. मग काहीच नाही, इतका वेळ की नवरा म्हणाला, "संपलं वाटतं." आणि मग, त्या एवढ्याशा फोनमधून, हळू, थांबत थांबत, फटक टक. फटक टक. फटक टक. शेवटी खट्ट, बटण फिरवल्याचं.

नवऱ्याने सासूबाईंच्या काठीकडे पाहिलं. मग फोनवरची तारीख पाहिली. तेव्हा ही काठी घरात नव्हती. ओल धरली असेल, असं तो या वेळी म्हणाला नाही.

"म्हणजे त्याने सगळं सांगितलं होतं," मी म्हटलं. "तुम्ही परत चालणार, हेसुद्धा."

"अजून पुढे आहे बरंच," नवरा पडद्याकडे बघत हळूच म्हणाला.

फोनमधून एक नवा आवाज यायला लागला. बारीक, ओळखीचा वाटणारा. मी कान देणार, एवढ्यात आतून खऱ्या कुकरची शिट्टी झाली. फुस्स, फिईईक, उचकी.

सासूबाईंनी हात लांब करून फोन बंद केला.

"पुढचं पुढे. तिसरी होती ना ही?" त्या म्हणाल्या.

"हो, आई."

त्या काठी टेकत उठल्या. फटक टक, फटक टक करत आत गेल्या, आणि बटण खट्ट वाजलं.

"गॅस बंद केला गं," आतून आवाज आला. "चला, पानं घ्या!"